प्रौढांसाठी आधुनिक नृत्याचे वर्ग : सुरतेतील नवशिक्यांसाठी माहिती

गणेशोत्सव असो की कोजागरी, मंडळाच्या कार्यक्रमात नाच म्हटला की तो मुलांचा, असे आपल्याकडे ठरूनच गेले आहे. मुले स्टेजवर, आईवडील समोर मोबाइल धरून आणि आजी-आजोबा पहिल्या रांगेत खुर्चीवर. मोठ्यांनी नाचायचे ते विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा भाच्याच्या वरातीत, तेही दोन-चार मिनिटे. म्हणून "पन्नाशीत डान्स क्लास लावला तर चालेल का?" हा प्रश्न सभासद, विशेषतः भगिनी, आवाज लहान करूनच विचारतात.

चालेल, हे आमचे उत्तर. मात्र कोणता वर्ग, कोणत्या जागेत, कोणत्या वेगाने आणि कशासाठी, हे समजून घ्यावे. त्यासाठी ही माहिती एका ठिकाणी दिली आहे.

सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आधीच सांगतो. वय वाढते तशी जमीन लांब जाते. पंगतीत मांडी घालून बसणारी माणसे टेबल-खुर्चीकडे वळतात. देवघरासमोर बसले तर उठताना भिंत धरावी लागते. मग खाली बसणेच टाळले जाते, आणि न बसल्यामुळे उठण्याची ताकद आणखी कमी होते. पुढचा टप्पा पडण्याच्या भीतीचा. आधुनिक नृत्य हा असा प्रकार आहे की ज्याचे शिक्षण बऱ्याच ठिकाणी जमिनीवर बसून, श्वास घेऊन सुरू होते. प्रौढ नवशिक्याला त्याचा खरा उपयोग इथे आहे. स्टेजवर जाणे न जाणे ही नंतरची गोष्ट.

आधुनिक नृत्य म्हणजे नक्की काय

'मॉडर्न डान्स' ही पाटी आपल्याकडे फिल्मी गाण्यावरच्या कोणत्याही नाचाला लावतात. मूळ अर्थ वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिका व जर्मनीत काही नर्तकांनी बॅलेविरुद्ध बंड केले. बॅलेमध्ये शरीर सतत वर उचललेले, पाय बाहेर वळवलेले आणि बोटांच्या टोकांवर तोललेले असते, आणि ती तालीम लहानपणापासून लागते. या मंडळींनी बूट काढून टाकले आणि चालणे, धावणे, श्वास, वजन, पडणे, उठणे या साध्या हालचालींतून नृत्य उभे केले.

इझाडोरा डंकन (१८७७-१९२७) सैल झग्यात अनवाणी नाचली. मार्था ग्रॅहॅम (१८९४-१९९१) यांनी श्वासावरून आपली पद्धत बांधली. श्वास सोडताना पोट-कंबर आत ओढून पाठीला गोलाई द्यायची आणि श्वास घेताना ती मोकळी करायची. याला 'कॉन्ट्रॅक्शन' आणि 'रिलीज' म्हणतात. ग्रॅहॅम पद्धतीचा वर्ग आजही जमिनीवर बसूनच सुरू होतो. डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणे आणि तो सावरणे यालाच नृत्याचे मूळ मानले. थोडक्यात, बॅले जमिनीपासून दूर जाऊ पाहतो, तर आधुनिक नृत्याने जमिनीशी मैत्री केली.

'कंटेम्पररी' हा शब्दही जाहिरातींत दिसतो. आधुनिक नृत्यातून पुढे आलेला, बॅले, योग, युद्धकला, लोकनृत्य असे सगळे मिसळून घेणारा तो आजचा प्रकार आहे. नवशिक्याच्या वर्गात या दोन नावांत फारसा फरक पडत नाही.

भारतात ते कसे आले

या नृत्याचे आणि भारताचे नाते जुने आहे. अमेरिकेच्या रूथ सेंट डेनिस यांनी १९०६ मध्ये 'राधा' नावाचे नृत्य सादर केले, तेव्हा त्यांनी भारत पाहिलेलाही नव्हता. त्यांची मंडळी भारताच्या दौऱ्यावर आली ती १९२६ मध्ये.

आपल्याकडचे पहिले मोठे नाव उदय शंकर (१९००-१९७७). मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर लंडनला ते चित्रकला शिकायला गेले होते. कोणत्याही शास्त्रीय नृत्याची रीतसर तालीम त्यांनी त्या वयात घेतली नव्हती. १९२३ मध्ये प्रसिद्ध रशियन नर्तकी ॲना पाव्हलोवा यांच्याबरोबर ते नाचले आणि चित्रकला मागे पडली. १९३८ मध्ये त्यांनी अल्मोड्याला संस्कृती केंद्र स्थापन केले. तेथे शास्त्रीय नृत्याच्या गुरूंबरोबरच सुचेल तसे नाचण्याचा, म्हणजे 'इम्प्रोव्हायझेशन'चा वर्ग असे. केंद्र काही वर्षांतच बंद पडले, पण गुरुदत्त, झोहरा सेहगल, शांती बर्धन, सचिन शंकर अशी माणसे तेथून बाहेर पडली. बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' सुरू केला. सचिन शंकर यांचे कामही मुंबईतच उभे राहिले.

गुजरातमध्ये अहमदाबादला मृणालिनी साराभाई यांनी १९४९ मध्ये 'दर्पण' सुरू केले. पुढे त्याच शहरात कुमुदिनी लाखिया यांनी 'कदंब'मधून कथकला नवी समूहरचना दिली.

आपल्याला सर्वांत जवळचे नाव मात्र अस्ताद देबू यांचे. त्यांचा जन्म १३ जुलै १९४७ रोजी नवसारीच्या पारशी कुटुंबात झाला. सुरतेहून रेल्वेने तीसेक किलोमीटरवरचे हे गाव आपल्या अनेक सभासदांच्या रोजच्या अप-डाउनचे आहे. बालपण जमशेदपूरला गेले, तेथे ते कथक शिकले. मुंबईत वाणिज्य शाखेची पदवी घेतली. (आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर समजून घ्यावे.) १९६९ मध्ये ते मालवाहू जहाजाने परदेशी निघाले. लंडनला मार्था ग्रॅहॅम यांची आणि न्यूयॉर्कला होसे लिमाँ यांची पद्धत शिकले. १९७७ मध्ये परत येऊन त्यांनी ई. के. पणिक्कर यांच्याकडे कथकळीची तालीम घेतली. त्यांना १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

देबूंचे एक काम नवशिक्यांनी विशेष लक्षात ठेवावे. कोलकाता आणि चेन्नई येथे ऐकू न येणाऱ्या कलाकारांबरोबर त्यांनी अनेक वर्षे नृत्य बसवले. ही मुले गाणे न ऐकता, डोळ्यांनी इशारे टिपत आणि मनात मात्रा मोजत ताल सांभाळत. "मला तालाचे अंग नाही" म्हणून घरी बसणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर आमच्याकडे नाही.

आपल्याला यातले काय आधीच येते

आपले बरेच सभासद जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेत येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थिरावलेली ही कुटुंबे. कानबाईच्या उत्सवात आणि मंगळागौरीला घरातल्या बायका नाचतात, तेव्हा त्याला कोणी 'डान्स' म्हणत नाही. पण त्या हालचाली पाहा.

फुगडीत दोघी हातांची अढी घालतात, पायांची बोटे जवळ आणतात आणि मागे झुकून फिरतात. एकीचे वजन दुसरी तोलते. एकीने हात सैल सोडले तर दोघी पडतील. अमेरिकेत १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन यांनी 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' नावाचा प्रकार सुरू केला, त्याचा पाया हाच, एकमेकांचे वजन घेणे आणि देणे. बसफुगडीत उकिडवे बसून पाय पुढे टाकायचे असतात, म्हणजे मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही लागतात. गाठोड्यात अंगाची मोट बांधून जमिनीवर डोलायचे असते. आधुनिक नृत्याच्या वर्गात यालाच 'फ्लोअरवर्क' म्हणतात. झिम्म्यात टाळी आणि पाऊल वेगवेगळे चालते. लेझमीत तर आठ मात्रांचे हिशेब शाळेतच अंगात मुरलेले असतात.

यात सुरतेची भर गरब्याची. बे टाळी, त्रण टाळी, दोढियू हे सगळे शेजारच्या बेनकडून शिकून आपल्या वहिन्या वर्षानुवर्षे खेळत आहेत. गुजरातच्या गरब्याची डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. नवरात्रीच्या कितीतरी आधीपासून या शहरात गरब्याचे वर्ग भरतात आणि त्यांत प्रौढांची संख्या मोठी असते. तेव्हा मोठ्या माणसाने पैसे भरून नाच शिकणे ही सुरतेत नवलाची गोष्ट नाही. ती फक्त आपल्या घरांत नवी आहे.

पाटीवर काय लिहिले आहे, आणि आत काय शिकवतात

वर्ग शोधताना पुढील नावे दिसतील.

बॉलीवूड किंवा फ्रीस्टाइल : एका गाण्यावर ठरलेल्या स्टेप्स बसवतात. मजा येते, ओळखीचे गाणे असल्याने लाज लवकर मोडते. मात्र शरीर तयार करण्यावर भर दिला जाईलच असे नाही.

झुंबा : कोलंबियाच्या बेटो पेरेझ यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेला, लॅटिन संगीतावरचा व्यायाम. घाम आणि दमछाक भरपूर. शिक्षक समोर करत राहतो, आपण मागे करायचे. स्टेप समजावून सांगण्याला वेळ कमी असतो.

हिपहॉप, सालसा : पहिल्यात झटके आणि गुडघ्यांवर भार जास्त, दुसऱ्यात जोडीदार लागतो. पन्नाशीनंतर अगदी नव्याने सुरुवात करताना शिक्षकाशी बोलून मगच ठरवावे.

संगीत-कोरिओग्राफी : लग्नासाठी दहा-बारा दिवसांत दोन गाणी बसवून देतात. हे शिक्षण नव्हे, कार्यक्रमाची तयारी आहे. अनेकांचा नृत्याशी पहिला आणि शेवटचा संबंध इथेच येतो, आणि घाईत दुखलेली पाठ घेऊन ते "हे आपले काम नव्हे" असे ठरवतात.

मॉडर्न किंवा कंटेम्पररी : खऱ्या अर्थाने हे शिकवणारे शिक्षक थोडे असतात. ओळखण्याची सोपी खूण अशी की, पहिल्या दिवशी ते गाणे लावण्याआधी श्वास, पाठीचा कणा आणि जमिनीवरच्या हालचाली घेतात.

नाव कोणतेही असो, वर्गात 'ॲडल्ट बिगिनर' बॅच वेगळी आहे का, ते विचारावे. कॉलेजच्या मुलांच्या बॅचमध्ये मागच्या ओळीत उभे राहून शिकणे प्रौढांना जमत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

एका तासात काय होते

चांगल्या वर्गाचा साठ मिनिटांचा तास साधारण असा असतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटे वॉर्मअप. मान, खांदे, कंबर, घोटे हळूहळू मोकळे करणे. त्यानंतर जमिनीवरचे काम, म्हणजे बसून पाठीला गोलाई देणे, कुशीवर वळणे, हाताचा आधार घेऊन उठणे. मग उभे राहून मध्यभागी काम. गुडघे वाकवून सरळ करणे (याला बॅलेचाच शब्द आहे, 'प्लिए'), एका पायावर तोल, हातांचे झोके. पुढे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तालात चालणे, वळणे, छोटी उडी. आम्ही म्हणू की नवशिक्याने उडी पहिले काही महिने वगळावी आणि शिक्षकाला तसे सांगावे. शेवटी आठ-आठ मात्रांचे दोन-तीन तुकडे जोडून एक छोटी रचना, आणि पाच मिनिटे अंग शांत करणे.

शिक्षक "पाच, सहा, सात, आठ" असे ओरडतात तेव्हा गोंधळू नये. ती मागच्या आवर्तनाची शेवटची मोजणी असते. पुढच्या 'एक'ला सगळ्यांनी एकदम निघावे यासाठी ती करतात. आपल्याकडे समेवर येतात, इथे एकवर निघतात, एवढेच.

आरशाची भीती वाटते, हेही खरे. सुरुवातीला दुसऱ्या ओळीत उभे राहावे. फार मागे गेले तर शिक्षकाचे पाय दिसत नाहीत.

शिक्षक बहुधा पंचविशीतले असतात आणि आपल्याला 'आंटी', 'अंकल' म्हणतात. राग मानू नये. आपण मात्र त्यांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणावे. शिकण्याच्या जागी वय बाजूला ठेवलेले बरे.

तब्येत : फायदा किती, काळजी कोणती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यात किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करावेत. आठवड्याला तीन तास वर्ग म्हणजे १८० मिनिटे, हा हिशेब जमतो. मात्र वर्गात उभे राहून वाट पाहण्याचा वेळ यातून वजा करावा.

पडणे ही किरकोळ गोष्ट नाही. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तोल सांभाळण्याचे आणि उठ-बस करण्याचे व्यायाम यात पुढे होते. निव्वळ नृत्याबद्दल ठाम काही म्हणण्याइतका पुरावा त्या आढाव्यात नव्हता. म्हणून आमचा आग्रह 'नृत्य' या शब्दापेक्षा वर्गात तोल, ताकद आणि उठ-बस किती घेतली जाते यावर आहे.

'नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो' असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण यावरून नाचल्यानेच तो टळला असे सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच नाचत असतील, असेही असू शकते. तेव्हा औषधे बंद करून क्लास लावू नये.

सुरू करण्यापूर्वी हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, गुडघा किंवा कंबरेचे ऑपरेशन, चक्कर यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांना 'डान्स क्लास' एवढेच न सांगता, जमिनीवर बसणे-उठणे, एका पायावर उभे राहणे आणि वळणे हे तिन्ही सांगावे. मधुमेहामुळे तळव्यांना संवेदना कमी असेल तर अनवाणी नाचू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी जाऊ नये आणि पर्समध्ये साखरेची पुडी ठेवावी.

वेग योग्य आहे का, हे बोलून पाहावे. नाचताना एखादे वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्रम पुरे. वाक्यही पुरे होत नसेल तर थांबावे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे नेहमीचे आहे. सांध्यात टोचल्यासारखे दुखणे, सूज, किंवा एकाच बाजूला दुखणे मात्र अंगावर काढू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अंधारी आली तर तास तिथेच सोडावा आणि १०८ ला फोन करावा. घरी जाऊन पडून राहू नये.

जागा पाहावी, मग फी विचारावी

सुरतेतले बरेच वर्ग व्यापारी संकुलांच्या वरच्या मजल्यावर चालतात. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडला लागलेली आग आणि त्यात वरच्या मजल्यावरच्या क्लासमधील २२ जणांचा झालेला मृत्यू हे शहर विसरलेले नाही. म्हणून पहिला प्रश्न जिन्याचा. बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, जिन्यात सामान रचले आहे का, दरवाजा आतून सहज उघडतो का, खिडक्या जाहिरातीच्या फलकाने बंद केल्या आहेत का, फायर एनओसी लावलेली आहे का. हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. ज्या संचालकाला या प्रश्नांचा राग येतो, तेथे पैसे भरू नयेत.

दुसरा प्रश्न फरशीचा. काँक्रीटवरच्या गुळगुळीत टाइल्स गुडघ्यांना आणि नडग्यांना वाईट. खाली पोकळी असलेले लाकडी फ्लोअर उत्तम. ते नसेल तर घट्ट बसवलेली विनाइल किंवा रबरी मॅट तरी हवी. सुट्या योगा मॅट वळताना सरकतात. मोजे घालून टाइल्सवर नाचणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. एप्रिल-मेच्या दमट हवेत पंखे आणि पाणी आहे का, तेही पाहावे.

तिसरा प्रश्न पैशांचा. आयुष्य बँकेत गेल्यामुळे यावर थोडे जास्त लिहितो. वर्षाची फी एकदम भरली तर मोठी सूट मिळते, हे आमिष बहुतेक ठिकाणी असते. वर्ग पहिल्या सहा आठवड्यांतच सुटण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पहिल्यांदा महिन्याची फी भरावी, ती महाग पडली तरी. नाव नोंदणीची फी परत मिळते का, आजारपणात सुटलेले तास पुढे मिळतात का, 'वार्षिक कार्यक्रमा'चा पोशाख आणि तिकिटे सक्तीची आहेत का, हे लेखी घ्यावे. रोख दिले तरी पावती घ्यावी. जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार कला-संस्कृतीचे छंदवर्ग एखादी व्यक्ती स्वतः घेत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. संस्था किंवा कंपनी घेत असेल तर ही माफी नाही. जीएसटी वेगळा लावला असेल तर पावतीवर पंधरा अक्षर-अंकी क्रमांक असायला हवा, आणि गुजरातमधील नोंदणी असेल तर तो २४ ने सुरू होतो.

एक तास फुकट बघू द्या, असे सांगावे. त्या तासात शिक्षकाकडे कमी आणि मागच्या ओळीकडे जास्त पाहावे. चुकणाऱ्याला शिक्षक काय म्हणतात, यावरून तो वर्ग आपला की नाही ते कळते.

घरचे काय म्हणतील

प्रौढ नवशिक्याची खरी अडचण गुडघ्याची नसून बरेचदा घरची असते. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला सासूबाई क्लासला, हे अजून सगळ्या घरांत पचत नाही. पुरुषांची अडचण निराळी. शाळेत लेझीम खेळलेला माणूस निवृत्तीनंतर बाकावर बसून गप्पा मारेल, पण नाचायला चला म्हटले की कामे आठवतात.

यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, एकट्याने जाऊ नये. जावा-जावा, नणंद-भावजय, शेजारच्या दोन बेन, किंवा नवरा-बायको मिळून जावे. चौघी-पाचजणी असल्या की शिक्षक सकाळी उशिरा किंवा दुपारची स्वतंत्र बॅच द्यायलाही तयार होतात. दोन, घरी सांगताना कार्यक्रमाचे नाव काढू नये. व्हिडिओ काढू देणे न देणे हा आपला हक्क आहे. आपल्या परवानगीशिवाय वर्गाचे चित्रीकरण सोशल मीडियावर टाकू नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. अनेक भगिनी याच एका कारणाने वर्ग सोडतात.

घरच्या मंडळींनाही विनंती आहे. आई किंवा आजी क्लासला निघाली की "आता या वयात?" असे हसत म्हटलेले वाक्यही तिला दारातून परत फिरवायला पुरते. तिने पंचवीस वर्षे मुलांचे पोशाख शिवले, मेकअप केला, स्टेजच्या मागे उभे राहून स्टेप्स आठवून दिल्या. त्या सगळ्या स्टेप्स तिला पाठ आहेत.

पहिले तीन महिने

पहिला महिना फक्त हजेरीचा. काही येत नाही असे वाटेल. डावे-उजवे चुकेल. तरी जावे. दुसऱ्या महिन्यात मोजणी अंगात उतरते आणि आरशाकडे लक्ष कमी जाते. तिसऱ्या महिन्यात एक छोटी परीक्षा घरीच घ्यावी.

वर्ग सुरू करण्याआधीच्या आठवड्यात चटईवर मांडी घालून बसावे आणि उठावे. जवळ घरचे कोणी असावे. उठताना किती आधार लागले, म्हणजे एक हात, दोन हात, गुडघा, भिंत, हे वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी तसेच करून पुन्हा लिहावे. एक आधार कमी झाला असेल तर फी वसूल झाली असे समजावे. काहीच फरक नसेल तर शिक्षकांशी बोलावे, जमिनीवरचे काम वाढवायला सांगावे किंवा वर्ग बदलावा.

पहिल्या दिवशी न्यायच्या वस्तू थोड्या आहेत. सुती सलवार-कुडता किंवा ट्रॅकपँट (ओढणी नको), पाण्याची बाटली, छोटा टॉवेल, नेहमीच्या गोळ्या आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. बांगड्या आणि मंगळसूत्र जमिनीवरच्या कामात टोचतात. लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या किंवा कुडत्याच्या आत पिनने अडकवावे. वर्गात ठेवलेल्या दागिन्यांची जबाबदारी कोणी घेत नाही, म्हणून ते घरीच ठेवून जावे.